आधी कुलर, मग चहा

कुमुदमावशी कोणाच्याही घरी आल्या की बसण्याआधी कुलरची जाळी काढून आतल्या पाण्यात डोकावत. डासांच्या अळ्या दिसल्या की यजमानालाच बादली आणायला लावत. "आधी कुलर, मग चहा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. राइट टाउनमध्ये त्या आमच्या शेजारी राहत. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या.

माझ्या मुलीला, रेवाला, दुसऱ्यांदा डेंग्यू झाला तेव्हा मी निर्धास्त होतो. एकदा होऊन गेलाय, शरीराला ओळख आहे, असा माझा हिशेब. पाचव्या दिवशी थर्मामीटर अठ्ठ्याण्णववर आला. ताप गेला की डोक्यावरून आंघोळ घालायची, ही आमच्या घरची रीत. बायकोनं पाणी तापत ठेवलं आणि मी खुशीत मावशींना सांगायला गेलो.

त्या अनवाणीच आल्या. त्या दिवशी कुलरकडे पाहिलंही नाही. रेवाचे हात धरले, गार होते. "पोट दुखतं का गं?" तिनं मान डोलावली. सकाळपासून उलट्याही झाल्या होत्या. आम्ही त्या अशक्तपणावर ढकलल्या होत्या.

"आंघोळ काहून घालून राहिले? ऑटो बोलाव!"

"मावशी, ताप तर उतरला. आकडा बघा ना."

"तो आकडा तापाचा आहे, पोरीचा नाही. चल!"

ऑटोत मी पुन्हा म्हणालो, "पण एकदा होऊन गेलाय ना?"

"अरे, डेंग्यूच्या विषाणूचे चार भाऊ आहेत. मागे एक आला होता, हा दुसरा. रक्तातले जुने पहारेकरी, म्हणजे मागच्या वेळच्या अँटीबॉडी, याला धरतात, पण बेड्या ढिल्या. मग जी पेशी याला गिळून संपवणार, तिच्यातच हा वाढतो. आत शिरला की धोक्याच्या घंटीची तारच तोडतो. आणि ताप उतरताना रक्तवाहिन्या झिरपायला लागतात."

रेवा डोळे मिटून पुटपुटली, "मावशी, हे परीक्षेत येईल?"

"आधी यात पास हो, मग सांगते."

दवाखान्यात पोचलो तेव्हा तिचा रक्तदाब घसरत होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. सलाईन लागलं, नाडी सुधारली आणि काही दिवसांनी रेवा घरी आली. मावशींनी तिचे हात चाचपले, ऊबदार होते. मग बायकोला म्हणाल्या, "चलो, आता घाला आंघोळ."

पुढे मावशी मुलाकडे भोपाळला राहायला गेल्या. त्यांच्या घरात नवे भाडेकरू आले. रेवा त्यांच्यासाठी पोहे घेऊन गेली, मी मागोमाग होतो. ताटली टेबलावर ठेवून तिनं सरळ कुलरची जाळी काढली.

"दीदी, कुछ गिर गया क्या?" ते गृहस्थ गोंधळले.

"नहीं भैया," ती आत डोकावत म्हणाली, "बाल्टी कहाँ है?"