कमरेएवढं पाणी

अरुणाचलमधल्या एका नदीकाठच्या पोस्टवर माझी पोस्टिंग होती. मी तेव्हा नायक होतो, दहा जवानांचं एक सेक्शन माझ्या हाताखाली होतं. नदीचं नाव सांगत नाही. सांगून इथं कोणाला काही कळणार नाही, आणि फौजेला ते आवडणारही नाही. माझं गाव जळकोट तालुक्यातलं. आमच्याकडची नदी पोळ्याला वाहते आणि संक्रांतीला तिच्यातून बैलगाडी जाते. बारा महिने गर्जणारं पाणी मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं. सुरुवातीला त्या आवाजानं झोप लागायची नाही. पुढं सुट्टीवर गावी आलो की तो आवाज नाही म्हणून झोप लागायची नाही.

सेक्शनमध्ये मराठवाड्याचा दुसरा एकच गडी होता, सिपाही गंगाधर. नांदेडच्या खालच्या अंगाला गोदावरीकाठी भोयांची घरं आहेत, त्यातलं एक त्याचं. वडील मारोतीआबा आजही नावेतून जाळं टाकतात. त्या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात, म्हणून पोराचं नाव गंगाधर.

रविवारी परेड नसे. कपडे धुऊन झाले की तो गळ घेऊन खडकावर बसायचा आणि मी शेजारी. कणकेची गोळी लाव, गांडूळ लाव, सगळं करून पाहिलं, मासा काही लागेना. भोयाच्या पोराला मासा घावत नाही हे गावात कळलं तर सोयरीक मोडेल, असं मी चिडवायचो. तो चिडायचा नाही.

"उस्ताद, इथल्या पाण्याला मराठी कळत न्हाई," म्हणायचा.

मासे मिळाले नाहीत, पण मला लिहायचा नाद लागला तो त्या खडकावर. तो गंगेचं सांगत बसायचा. पुराचं पाणी येण्याआधी त्याचा वास कसा येतो, मरळ मासोळी पिलांची राखण कशी करते, वाळूवरची पावलं पाहून रात्री कोण जाळं चोरून गेला ते कसं ओळखायचं. मी त्याच्या कविता करायचो आणि त्यालाच ऐकवायचो. त्याचं मत ठरलेलं असायचं. कविता लई चांगली, पण मासा पाण्यात राहतो आणि तुम्ही त्याला आभाळात ठिवून राहिले. मी हसण्यावारी न्यायचो. तेव्हाच कान टोचून घेतले असते तर बरं झालं असतं.

तिकडच्या नाल्यांचा एक कायदा असतो. सकाळी पाणी कमी असतं. वर ऊन पडलं, बर्फ वितळलं की दुपारनंतर ते चढतं. म्हणून गस्तीवरून परतताना दुपारच्या आत नाला ओलांडायचा. त्या दिवशी वाटेत दरड कोसळली होती, वळसा पडला आणि आम्ही उशिरा पोचलो. सकाळी ज्या ओंडक्यांवरून गेलो, ते ओंडके वाहून गेले होते. पोस्ट पलीकडं, चढाव चढला की दिसेल एवढी जवळ. सगळ्यांचे कपडे भिजलेले. पोस्टशी बोलायला मी वायरलेस घेतला.

"टायगर, पुल बह गया. नाला चढा हुआ है. ओव्हर."

"पार हो सकता है? ओव्हर."

"देखता हूं. ओव्हर."

"अपने अंदाजे से करो. आऊट."

अंदाज म्हणजे आता माझा अंदाज. समोर दोन जागा होत्या. वरच्या बाजूला रुंद, गुळगुळीत पाणी, आवाज अजिबात नाही. खालच्या बाजूला धोंड्यांमधून फेस उडवत, आरडाओरडा करत जाणारं पाणी. मी गंगाधरला विचारलं. नदीच्या बाबतीत मी त्यालाच विचारायचो.

त्यानं दोन्हीकडं पाहिलं. "खालून जाऊ. उथळ पाण्याला खळखळाट फार. आमचे आबा म्हणतेत, बोलत्या पाण्याला भ्यायचं न्हाई, गप पाण्याला भ्यायचं."

मला पटलं. म्हण तर मीही शाळेत शिकलो होतो. अर्थ सांगून वाक्यात उपयोगही केला होता. म्हणालो, "रोप कमरेला बांध. पहिला तू."

तो उतरला. निम्म्यापर्यंत व्यवस्थित गेला. मग थांबला. वळून काहीतरी ओरडला, पण पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. त्याचा पाय दोन धोंड्यांच्या फटीत अडकला होता. मागून पाण्यानं रेटा दिला आणि तो कमरेत वाकून पुढं पडला, तोंड पाण्याखाली. आम्ही रोप ओढला. पाय सुटेना. मी आणि आणखी एक जवान रोप धरत धरत त्याच्यापर्यंत गेलो. पाय मोकळा केला, त्याला काठावर आणलं, छाती दाबत राहिलो. उपयोग झाला नाही.

मी त्याच्याजवळ उभा होतो तेव्हा पाणी माझ्या कमरेला लागत होतं. आबांची शिकवण खोटी नव्हती. पाणी उथळच होतं. चौकशी झाली, कोणावर ठपका आला नाही. नाला ओलांडताना बुडाला, एवढंच त्याच्या घरी कळलं.

हवालदार होऊन मी रिटायर झालो. बुलेट घेतली आणि नद्यांच्या काठानं हिंडलो. मांजरा, मन्याड, पैनगंगा, गोदावरी. हिंडलो ते लिहिलं, त्याचं पुस्तक झालं. लोक नदीवाले हवालदार म्हणू लागले, आणि खोटं कशाला बोलू, गुदगुल्या व्हायच्या. पुस्तकातला सगळ्यात गाजलेला लेख गंगाधरवरचा. त्यात मी लिहिलं की तो एका अथांग, निःशब्द डोहात उतरला आणि नदीनं आपल्या लेकराला पोटात घेतलं.

डोह कुठून आला? कमरेएवढ्या पाण्यात भोयाचा पोरगा गेला, हे लिहायला बरं दिसेना. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला खोल पाणी पाहिजे असं मला वाटलं. आज हे वाक्य लिहिताना मान खाली जाते.

नांदेडला एका कार्यक्रमात मी तो लेख वाचला. आयोजकांनी मारोतीआबांना मंचावर बोलावून शाल-श्रीफळ दिलं होतं. टाळ्या पडत होत्या. आबा मांडीवर शाल घेऊन माझ्याकडं नुसते पाहत होते. निघताना म्हणाले, सकाळी काठावर या.

गेलो. ते नावेशेजारी बसून जाळं सांधत होते. बसा म्हणाले, चहा मागवला. घरचं विचारलं. मग हातातलं काम न थांबवता म्हणाले, "हवालदार, आमच्यात शेंबडं पोरगंबी गप पाण्यात इचारल्याबिगर पाय टाकत न्हाई. तुमचं पुस्तक आल्यापासून भावकी म्हणून राहिली, मारोतीनं पोराला पाणीच शिकवलं न्हाई. मला एवढंच सांगा, त्या डोहात त्यो कायला उतरला?"

खरं सांगितलं तर म्हण कोणाची होती तेही सांगावं लागणार होतं. नाही सांगितलं तर म्हातारा मरेपर्यंत पोराला अडाणी समजणार होता. गप्प राहून मी फार दिवस काढले होते. सांगून टाकलं. डोह नव्हता. धोंडे होते, खळखळ होती, पाणी कमरेएवढं होतं. तो काय म्हणाला तेही त्याच्याच शब्दांत सांगितलं.

आबांचे हात थांबले.

"म्हंजी पोरानं माझं ऐकलं," ते म्हणाले.

मी म्हणालो, आबा, पहिला तू जा हा हुकूम माझा होता.

"हुकूम तुमचा आसंल. बोल माझा व्हता." त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "तुमी डोह लिवला आन मी इतके दिस पोरावर रुसून बसलो. त्याच्या फोटोला हार घातला न्हाई."

शत्रूच्या माणसाशीही मी असं वागलो नसतो. आबांनी चहा माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "आता जेवढं व्हतं तेवढंच लिवा."

म्हणून हे लिहिलं. सिपाही गंगाधर डोहात गेला नाही. तो कमरेएवढ्या पाण्यात गेला. त्यानं बापाचं ऐकलं, आणि माझं ऐकलं.