कीबोर्डवरचा लाल रंग

दौंडच्या वाचनालयात मी कामाला लागले त्याच सुमारास तिथं कॉम्प्युटर आला. सगळ्या सभासदांत मिळून एकच. त्याची निगा माझ्याकडे. सकाळी कोरड्या फडक्यानं पडदा पुसायचा, ब्रशनं कीबोर्डच्या फटींतली धूळ झाडायची आणि जो कोणी बसेल त्याला आधी बाहेरच्या नळावर हात धुवायला लावायचं. वडापाव खाऊन आलेली कॉलेजची पोरं हुज्जत घालायची. कुरकुंभहून येणारा एक कामगार मात्र न सांगता धुवायचा.

तो रंगाच्या प्लँटवर होता. पहिली पाळी सुटली की कंपनीच्या गाडीतून उतरून थेट आमच्याकडे. नखांच्या कडांत, तळहाताच्या रेषांत लालसर रंग कायमचा बसलेला. घासून घासून कातडी सोललेली. बसण्याआधी दोन्ही पंजे माझ्यापुढे उलटसुलट करायचा. "बघा ताई, पास का?" प्लँटवरच्या वाफेनं त्याला खोकला लागला होता. कंपनीच्या स्टोअरमध्ये एक जागा निघणार होती आणि साहेबानं सांगितलं होतं, दिवाळीनंतर टायपिंग बघतो, जमलं तर तुला तिकडं घेतो. म्हणून तो रोज अर्धा तास एकेक अक्षर शोधत बसायचा.

शिरूरला माझ्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तिथं पान्हे-हातोड्या धुऊन मांडायच्या आणि त्यांच्यावर कालवलेल्या कुंकवाची बोटं ओढायची. ज्यावर पोट चालतं त्या हत्याराला नुसतं फूल वाहून भागत नाही, असं आमच्या घरात होतं. आप्पांनी, म्हणजे वाचनालयाच्या कार्यवाहांनी, मला बजावलं होतं, पूजा कपाटांची करा, मशीनजवळ ओलं काही नेऊ नका. मला ते बरं वाटेना. खंडेनवमीच्या संध्याकाळी वाचनालयातून सगळे गेल्यावर मी ओल्या कुंकवाची बोटं कीबोर्डवर ओढली, कुलूप लावलं आणि समाधानानं घरी गेले.

सुट्टीनंतर उघडलं तर बटणं अडकत होती. घाबरून मी ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं. वरचं कुंकू निघालं. उरलेलं पातळ होऊन फटींत उतरलं. मधली ओळ दाबली की वरच येईना. काडीला कापूस लावून दुपारपर्यंत खरडत होते. तेवढ्यात आप्पा मागं येऊन उभे राहिले.

"हा लाल रंग कसला?"

माझी नोकरी हंगामी होती आणि कायम करायचा विषय पुढच्याच बैठकीत होता. त्याच वेळी कुरकुंभचा तो कामगार दारातून आत आला, ओले हात शर्टाला पुसत. आप्पांची नजर त्या हातांवर गेली. ती तिथं थांबलेली मी पाहिली.

हे रोज हात धुतात का, एवढंच त्यांनी मला विचारलं.

"हो. रोज धुऊनच बसतात."

वाक्य खरं होतं. त्यातून काय अर्थ निघणार, हे मला तोंड उघडण्याआधीच माहीत होतं. धुऊनही ह्यांचा रंग सुटतो.

तो वाकून कीबोर्डकडे बघत राहिला. "माझ्यानंच झालं असंल, आप्पा. घरी बी टावेल लाल हुतोय. कारभारीण माझा येगळा ठिवती."

आता मी बोलायला हवं होतं. मी काडीला नवा कापूस गुंडाळत राहिले. आप्पा वाईट नव्हते. आवाजही चढवला नाही त्यांनी. पेपर वाचा, पुस्तकं न्या, कॉम्प्युटरला तेवढा हात लावू नका, म्हणाले. पेपर वाचणाऱ्यांतला एकजण म्हणाला, "पुस्तकं तरी कशाला देता, पानं रंगतील." दोघंतिघं हसले. तोही हसला, चपला घातल्या आणि गेला.

नवा कीबोर्ड आला. मला कायम केलं. पाळी सुटायच्या वेळेला माझं लक्ष दाराकडे असायचं, पण दिवाळी होऊन गेली तरी तो फिरकला नाही. शेवटी एका दुपारी कंपनीची गाडी थांबते त्या चौकात जाऊन उभी राहिले. तो उतरल्यावर त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"म्हंजी माझ्या हातानं न्हवतं झालं?"

नाही म्हणाले. त्यानं परत तेच विचारलं. मी परत नाही म्हणाले.

टेस्ट आदल्याच आठवड्यात झाली होती. रस्त्याकडे बघत तो सांगत होता. साहेबाचा पांढराशुभ्र कीबोर्ड समोर आला आन् बोटं खालीच जाईनात. येतंय तर दाब की, असं साहेब म्हणाला, तरी जाईनात. जागा दुसऱ्याला गेली होती. तो अजून प्लँटवरच होता. बोलता बोलता खोकत होता.

उद्यापासून परत या, मी म्हणाले. पुढं कधी दुसरी जागा निघेल.

"आप्पांना सांगितलंय का?"

"अजून नाही. सांगते."

"आधी त्यांला सांगा. मंग येतो मी."

तो आला नाही, कारण मी सांगितलं नाही. कायम झाले होते. नोकरी जायची भीतीही उरली नव्हती. नुसती लाज होती, आणि ती दर आठवड्याला जाड होत गेली. आप्पा त्यानंतर बरीच वर्षं कार्यवाह होते. संध्याकाळी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचे, दोन चहा मागवायचे, एक माझ्यापुढे सरकवायचे. मी तो प्यायचे.