रिकाम्या खोलीचा आवाज

माझी नात कॉलेजात सिनेमा काढायला शिकते. काल यंत्रं घेऊन घरी आली आणि आधी माझा रेडिओ बंद केला. बायको गेल्यापासून तो दिवसभर चालू असतो, नाहीतर घर खायला उठतं.

"आबा, मिनिटभर गप्प बसा. रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचाय. माणसांच्या बोलण्याखाली तो अंथरावा लागतो."

"येडे, रिकाम्या खोलीला कसला आवाज?"

तिनं हेडफोन माझ्याच कानांवर चढवला. नळाची टिपटिप, खिडकीतली चिमणी आणि कुणाचा तरी श्वास.

"हा कोण धापा टाकतोय?"

"तुम्हीच! राहू द्या, खोलीतलाच आहे तो."

ज्या शांततेला मी भितो, ती ऐकायला ही पोर शिकून आली. ऊर भरून आला. पण श्वास हळूच सोडला. तिचं रेकॉर्डिंग बिघडायला नको.