लांबीनं बुजवलेल्या खाचा

पिन हातात आली की चाचा आधी ती चष्म्याजवळ नेऊन बघायचे, मग मशिनीच्या खाचेत डोकवायचे, आणि मग समोरच्या माणसाकडे अशा नजरेनं बघायचे की त्यानं जेवत्या ताटातच थुंकलंय. "काय करून राहिलात तुम्ही लोक? आधी बघा, मग घाला की! जोर कशाला लावता?" लातूरच्या आमच्या क्लासगल्लीत, एका जिन्याखाली त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचं नाव कुणी कधी घेतलं नाही. सगळ्यांचे ते चाचाच.

दुकानाच्या दारात एक फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर मेलेल्या मशिनींमधून काढलेल्या खाचा बसवलेल्या. पेन ड्राइव्हची चपटी, प्रिंटरची चौकोनी, वरचे दोन कोपरे छाटलेली, जुन्या कॅमेऱ्याची बारकी, मोबाइलची त्याहून बारकी. आतून निळी असलेली चपटी त्यांनी नंतर आणून लावली. "ही लई जोरात पळती," असं सांगायचे. दुरुस्त झालेलं मशीन न्यायला जो येईल त्यानं आधी या फळीवर प्रत्येक पिन लावून दाखवायची, हा त्यांचा नियम. चुकला तर मशीन मिळायचं नाही.

अख्खं गाव परीक्षेच्या मागं, आणि हा माणूस शिकवणाऱ्यांचीच परीक्षा घ्यायचा! फिजिक्सच्या एका नामांकित सरांनी पेन ड्राइव्ह इंटरनेटच्या वायरीच्या खाचेत घातला होता. तो तिथं शिरतोही, ढिला ढिला, पण चालत नाही. सर तासभर कॉम्प्युटरला शिव्या देत बसले होते. चाचा म्हणाले, "सर, तुमची पोरं डाक्टर होणार म्हणं. अल्ला पेशंटांवर रहम करो."

मी समोरच्याच क्लासमध्ये पेपर टाइप करायचो. मूळ जळकोटचा, घरी म्हातारे आईवडील, पगार तेवढा माझाच. त्या क्लासची मला आजही किळस येते. भिंतभर टॉपरांचे फोटो, त्यातले निम्मे दुसऱ्याच क्लासच्या पोरांचे. एकेका बाकावर पाच पाच पोरं कोंबलेली, घामाचा आणि डब्यातल्या आंबलेल्या भाजीचा वास. आणि या सगळ्यावर आमचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, अत्तर मारून फिरायचे.

सरांना एकच धास्ती, टेस्टचा पेपर फुटायची. एके दिवशी त्यांनी मला फर्मान काढलं, "पेपर इथल्या इथं छापायचा. पेन ड्राइव्ह दिसला की नोकरी गेली. सगळ्या खाचा बुजवून टाक." आणि ते नांदेडला नवी शाखा बघायला निघून गेले. मीही असा शहाणा की खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी आणली आणि अंगठ्यानं दाबून दाबून सगळ्या खाचांत भरली. माऊस आणि कीबोर्ड जुन्या गोल पिनांचे होते म्हणून वाचले. प्रिंटरची वायर मात्र मी उपसून काढली आणि तिच्या दोन्ही टोकांच्या खाचा बुजवल्या. सर सगळ्या म्हणाले होते ना!

दुसऱ्या दिवशी दुपारी छपाईची वेळ आली तेव्हा अक्कल आली. लांबी पुरती वाळलीही नव्हती. प्रिंटरच्या चौकोनी खाचेतली मी टाचणीनं उकरली आणि वायर जोर लावून घुसवली, ती उलटी. आतली प्लास्टिकची जीभ कडकन तुटली.

पळत जाऊन चाचांना आणलं. त्यांनी कॉम्प्युटर वळवला, मागं टॉर्च मारला आणि तोंड फिरवलं. "तौबा, तौबा! काय घाण केलास बे ही?"

मी म्हणालो, "सरांनी सांगितलं, चाचा."

"सरांनी सांगितलं! भूकंपाच्या टायमाला लोकं ढिगाऱ्यातून काढलेले रेडिओ घेऊन यायचे माझ्याकडं. आत नुस्ती माती. एक एक कण काढून बसायचो. ती माती वरच्याच्या मर्जीनं गेलती. तू तर हातानं भरून राहिलास! चांगल्या मशिनीत!"

पण बसले. सुई, ब्रश, गरम हवेचं यंत्र, आणि दर पाच मिनिटांनी एक "छ्या!" दोन तासांनी मागची एक चपटी खाच स्वच्छ झाली. प्रिंटरची चौकोनी खाच मात्र गेली होती. ती हैदराबादहून मागवायची म्हणजे दोन दिवस. टेस्ट दुसऱ्या दिवशी सकाळी.

मी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. तो खाचेत जाईना. चाचांनी माझ्या हातातून घेतला. "उलटा हाय. हे बघ, आतली पट्टी कुठल्या बाजूला हाय ते बघायचं अन् फिरवायचं." त्यांनीच तो लावला. पेपर त्यांच्यासमोर मी उतरवून घेतला, बाहेर झेरॉक्सच्या दुकानात जाऊन छापून आणला, आणि त्या दुकानाच्या कॉम्प्युटरमधून पुसायचा विसरलो.

सकाळी पेपर चहाच्या टपरीवर मिळत होता.

सरांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं, चाचांनाही. "ही खाच कुणी उघडली?"

"मी उघडलो," चाचा म्हणाले.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघत होतो. "छपाई बंद पडलती," ते म्हणाले. "मशिनीचे हाल बघून मलाच राहवलं न्हाई."

"म्हणजे पेपर तूच काढलास, म्हाताऱ्या!" सर ओरडले. छापला कुठं, हे त्यांनी विचारलंच नाही. साठीच्या माणसाला अरेतुरे. एक शब्द, नुसता एक शब्द मी बोललो असतो तर तिथंच मिटलं असतं. नाही बोललो. आणि आता जे सांगतो त्याची मला सगळ्यात जास्त किळस येते: त्या क्षणी मला हायसं वाटलं.

गल्लीतल्या एकूण एक क्लासनं चाचांकडे काम द्यायचं बंद केलं. तिसऱ्या दिवशी मी दुकानापुढं जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वर केली नाही. "जा बे, काम कर. तुला घर हाय." मी गेलोसुद्धा. महिन्याभरात जिन्याखाली मोबाइल कव्हरांचं दुकान लागलं. चाचा नांदेडला मुलीकडे गेले म्हणून कळलं.

पुढं मलाही नांदेडलाच पाठवलं. शाखा सांभाळायला सरांना विश्वासाचा माणूस हवा होता. तिथं जाऊनही चाचांचं घर शोधायला मला दीड वर्ष लागलं, म्हणजे लावलं मी. देगलूर नाक्याच्या मागं एका गल्लीत सापडलं. चाचा सहा महिन्यांपूर्वीच वारले होते.

लातूरहून आलोय म्हटल्यावर मुलीनं आत बोलावलं, खुर्ची पुसून दिली. चहा-बिस्किटं आणली. दाराशी उभी राहून म्हणाली, "भाऊ, एक विचारू? लोकं म्हणतात अब्बानं पेपर चोरला. तुम्ही तर तिथंच होता. खरं हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मग कुणी केलं?"

माझ्या तोंडात चहाचा घोट होता. तो गिळला. "ते कळलंच न्हाई कधी."

तिनं पदरानं डोळे पुसले. "अब्बा तर काहीच बोलले न्हाईत शेवटपर्यंत. आज तुम्ही सांगितलात, लई बरं वाटलं बघा. अल्ला तुमचं भलं करो." तिनं माझ्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.

मी ती खाल्ली.