टँकर आला, सेव्ह कर!

आम्ही शहराबाहेर, बीड बायपासच्या पलीकडं राहायला गेलो तेव्हा तिथं इमारती भराभर उठत होत्या आणि पाऊस मात्र लागोपाठ दगा देत होता. नळाचे पाइप सगळीकडं टाकलेले होते, त्यांतून पाणी तेवढं यायचं बाकी होतं. सगळी भिस्त टँकरवर. मी एका आर्किटेक्टसाठी घरबसल्या घरांचे नकाशे काढायचे. बंगला बांधणाऱ्या प्रत्येकाचा निरोप एकच असायचा: हौद मोठा करा. हॉल लहान झाला तरी चालेल, पण हौद मोठा करा.

ज्या लॅपटॉपवर मी हे हौद मोठे करायचे त्याचं वय झालं होतं. एका सकाळी बघते तर वायर लावलेली, चार्जरचा दिवा लागलेला, आणि पडद्यावर 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग'. वायर जरा हलली की लॅपटॉप बंद.

ह्यांना कंपनीत फोन लावला. ते म्हणाले, "बॅटरी काढ, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धर, परत बसव." केलं. काही फरक नाही. "मग दुसऱ्या सॉकेटला लावून बघ." मिक्सरचं सॉकेट झालं, इस्त्रीचं झालं, शेवटी फ्रिजची पिन काढून तिथंही लावून बघितलं. लॅपटॉप काही चार्ज झाला नाही. फ्रिजची पिन परत लावायची मात्र राहून गेली आणि संध्याकाळपर्यंत दूध नासलं.

मामा, म्हणजे माझे सासरे, हे सगळं पलंगावर बसून बघत होते. ते मूळचे गंगापूरकडचे. त्यांच्या वडिलांनी मेंढरं राखली आणि मामांनी जन्मभर एसटी चालवली. 'बॅटरी' हा शब्द कानावर पडल्यावर त्यांना राहवेना.

"आण इकडं," म्हणाले. चार्जरला हात लावून बघितला. "गरम हाय. म्हंजी करंट येतोय. बॅटरी कोरडी पडलीय. पाणी घाल."

"मामा, हिच्यात पाणी नसतं."

"पाण्याबिगर बॅटरी असती व्हय? सगळा मराठवाडा कोरडा पडलाय, ही एकटी कशी ओली राहील?"

त्यांनी बॅटरी उलटीसुलटी करून बघितली. "हिची पाणी घालायची बुचं कुठं गेली?" म्हणाले आणि सुरी आणायला स्वयंपाकघरात शिरले. मी बॅटरी पाठीमागं लपवली.

"मामा, फोडली तर पेट घेते ती."

"बरं, नाय फोडत. टर्मिनल तरी साफ करू दे."

यात काय बिघडणार, असं वाटून मी त्यांना खोडरबर दिलं आणि फोन घ्यायला आत गेले. परत येऊन बघते तर मामांनी बॅटरीच्या टोकांना आणि लॅपटॉपच्या खाचेत भरपूर व्हॅसलीन चोपडलेलं. "आता गंज धरणार नाय," म्हणाले. त्यानंतर लॅपटॉपला बॅटरी दिसेचना. मग दुपारभर मी कापूस आणि स्पिरिट घेऊन ती टोकं पुसत बसले. मामा शेजारी टॉर्च धरून बसले होते. खुलताबादच्या घाटात बंद पडलेली गाडी त्यांनी प्रवाशांना खाली उतरवून धक्का मारून कशी सुरू केली, ते सांगत होते.

"याला धक्का मारता येत नाय," लॅपटॉपकडं बघत ते हळहळले, "नायतर कधीच चालू केला असता."

नवीन बॅटरी मागवली. ती यायला वेळ लागणार होता. तोवर जुनी काढून ठेवून नुसत्या वायरवर काम करायचं ठरलं. त्यात एक अडचण निघाली. टँकर आला की पाणी वरच्या टाकीत चढवायला वॉचमन खालची मोटर सुरू करायचा आणि इमारतीतली लाइट क्षणभर जायची. बाकीच्यांचा फक्त पंखा अडखळायचा. माझा मात्र काढलेला नकाशा जायचा. एका बंगल्याचा जिना इतक्यांदा काढला, की तो मला पाठ झाला.

मामांनी ते मनावर घेतलं. "मी बघतो रस्त्याकडं. टँकर दिसला की सांगतो. तू काय करतीस त्याला?"

"सेव्ह करते. म्हणजे जपून ठेवते."

ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसले. वळणावर टँकर दिसला की त्यांचा आवाज फुटायचा, "टँकर आला! सेव कर गं पोरी, सेव कर!" एसटीच्या इंजिनावर कमावलेला आवाज तो. पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा.

काही दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, "रागावू नका, पण विचारते. टँकर आला की तुमचे सासरे रोज तुम्हाला शेव करायला लावतात. एवढी शेव लागते कशाला? आणि नवं पाणी आल्याशिवाय तुम्ही पीठच भिजवत नाही का?"

मला हसू आवरेना. मामांनी मात्र बाल्कनीतूनच ऐकलं होतं. ते तणतणत आत आले.

"मी कशाला शेव मागू? मला दात कुठं हायत?"

मग मी काकूंना लॅपटॉप दाखवला, बॅटरीची जागा रिकामी दाखवली, लाइट जाते ते सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि त्या मामांकडं वळल्या. "काही असो, तुम्ही ओरडायचं थांबवू नका. तुमचा आवाज आला की मी नळ उघडून ठेवते. आमचं पिंप सगळ्यांच्या आधी भरतं."

मामा खूश झाले. दुसऱ्या दिवसापासून ते आधी "सेव कर" म्हणायचे आणि मग खाली वाकून, "ताई, नळ सोडा!"

त्या बंगल्याचा नकाशा असा ओरडण्याच्या आधारावर पूर्ण झाला. जिना एकदाचा जिथल्या तिथं राहिला.

मग एका रविवारी ह्यांनी दुकानात आलेली नवी बॅटरी घरी आणली. बसवली, वायर लावली. पडद्याच्या कोपऱ्यातला चार्जिंगचा आकडा हळूहळू चढायला लागला. मामा चष्मा लावून बघत उभे होते. आकडा आणखी एकदा बदललेला बघितला तेव्हा त्यांची खात्री पटली.

"करंट धरला हिनं," एवढंच म्हणाले आणि टाकीत पाणी आहे तोवर आंघोळ उरकावी म्हणून टॉवेल घेऊन आत गेले.