चाकावरचे ओघळ

ज्योतीरामच्या हातून घोटाळा झाला तो कामचुकारपणाने नव्हे, जास्तीच्या कामाने. निगडीच्या कुसुमताई गाडीचं एकच चाक घेऊन मोशीला त्याच्या शेडवर आल्या होत्या. हवा गळत होती. पंक्चरवाल्याने टायर उतरवून सांगितलं होतं, अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगला आतल्या कडेनं पांढरा खार धरलाय, तो काढून आणा.

"नुसती आतली कड साफ करा हं," ताई म्हणाल्या. "बाकी कशाला हात लावू नका."

"हो, हो," ज्योतीराम म्हणाला, आणि ताई रिक्षात बसताच त्याने चाक उलटं केलं. पुढच्या अंगाला स्प्रेच्या डब्याने मारलेला लालभडक रंग, त्यावर ओघळच ओघळ. आता धाराशिवहून येऊन चाकणच्या कंपनीत अठरा वर्षं चाकांना पॉलिश मारलेल्या माणसाला हे कसं बघवावं? हा गडी घरची ताटंसुद्धा चेहरा दिसेस्तोवर घासायचा. त्याची बायको वर्षाली म्हणायची, "नशीब माझं, लग्नात मला मशीनवर धरली न्हाई!"

बाईमाणसाला चाकातलं काय कळतंय, असं मनाशी म्हणत त्याने रिमूव्हर फासला. रंग पापडासारखा फुगला, पत्र्याच्या पट्टीने खरवडताच निघाला. मग पाणी लावून पॉलिशपेपर, आधी खरखरीत, मग बारीक, शेवटी मशीनवर पॉलिशचा मसाला लावून घासणी. दुपारपर्यंत चाकात शेडचे पत्रे दिसू लागले. जास्तीचे पैसे मागायचे नाहीत, हेही त्याने उदार मनाने ठरवून टाकलं.

संध्याकाळी ताई आल्या. चाकाकडे बघतच राहिल्या.

"रंग कुठंय?"

"काढला की! कुण्या येड्यानं मारलता, ताई?"

"माझ्या गणराजने."

ज्योतीरामच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. ताई जुन्या टायरांच्या ढिगावर बसल्या. पोराने ओव्हरटाइम करून जुनी गाडी घेतली, गच्चीवर चाकं रंगवली. पेट्रोल फार खाते म्हणून कंपनीत मात्र दुचाकीनेच जायचा. मागच्या पावसाळ्यात पहाटेची शिफ्ट संपवून निघाला, तो घरी पोचला नाही.

"बाकीची तीन हायत ना तशीच?" ज्योतीरामने विचारलं, आणि विचारल्याबरोबर स्वतःची जीभ चावली.

"ह्याच्यावर त्याचा अंगठा होता. वाऱ्याने चाक पडायला लागलं, त्याने ओल्या रंगातच धरलं. मी केवढी ओरडले त्याला, घाण केलीस म्हणून." ताईंनी पदराने नाक पुसलं. "रोज खाली जाऊन त्यावर अंगठा ठेवायचे. बरोब्बर बसायचा माझा त्यात."

"आठ दिवस द्या, ताई. होतं तसं करून देतो."

तसाच लाल डबा आणला. पण हात कंपनीचा. रंग असा सारखा बसला की शोरूमच! पुसला. दुसऱ्यांदा डबा जवळ धरून मुद्दाम ओघळ सोडले, तर तेही रांगेत उभे, कवायतीला उभे राहिल्यासारखे. पुन्हा पुसला.

"डाव्या हाताने मारा," वर्षाली म्हणाली. ती एरवी टोमणा मारल्याशिवाय बोलत नसे. त्या दिवशी एवढंच बोलली.

डाव्या हाताने जमलं. वेडेवाकडे, बेशिस्त ओघळ. रंग ओला असतानाच ज्योतीरामने अंगठा पुढे केला, चाकापासून दोन बोटांवर धरला, आणि मागे घेतला.

आठव्या दिवशी ताईंनी चाकावरून हात फिरवला. एका जागी थांबल्या.

"इथं होता."

"ठावं हाय, ताई. पर तिथं माझा कसा उमटवू?"

ताईंनी मान हलवली. पर्स उघडली, तशी ज्योतीरामने दोन्ही हात मागे नेले.

"न्यायला येते," ताई म्हणाल्या. "आज नाही बघवत. गाडी स्टेपनीवर उभी आहे, उभी राहू दे."

त्याला पाच महिने झाले. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "भाऊ, हे लाल असलं कसलं? आम्हाला असलं नको हं!" ज्योतीराम हसत नाही. आतली कड अजून लखलखीत आहे, हवा गळायची नाही. दोनदा तो चाक रिक्षात घालून निगडीला निघाला आणि भोसरीतून माघारी वळला. काम झालंय, चाक तेवढं द्यायचं राहिलंय.