ग्रीसचा सोडा

लोणार-खामगाव गाडी कुठल्याही थांब्यावर उभी राहिली की सुखदेवभाऊ ड्रायव्हर सीटवरून अर्धवट उठत, हात वर टपाला टेकवत आणि डोळे मिटून ओठ घट्ट आवळत. प्रवाशांना वाटे, भाऊ देवाचं नाव घेतात. मी चार वर्षं त्यांचा कंडक्टर होतो. मलाही बरेच दिवस तसंच वाटलं, काय करणार!

कोणी विचारलंच तर म्हणत, "मले मूळव्याध हाये." हे ते ताठ मानेनं सांगत. ड्रायव्हरला मूळव्याध म्हणजे नोकरीत झिजल्याची खूण. डेपोतले लोक हळहळत, कोणी सुरण आणून देई, कोणी ताक पाजी. गुण मात्र काडीचा येईना.

एका उन्हाळ्यात मेहकरच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. रेक्झिनची सीट तापलेली, शेजारी इंजिनाची धग. भाऊ मला बाभळीमागे घेऊन गेले आणि म्हणाले, "दुखत नाही रे बाबू. खाजते. तिथं. तीन वर्षं झाले."

मला हसू येणार होतं, पण भाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. हात स्टिअरिंगवर, मागे गाडीभर माणसं. खाजवता येत नाही, उठता येत नाही, पळूनही जाता येत नाही. एखाद्या वळणावर हात सुटला तर एवढी माणसं नाल्यात जातील, या धास्तीनं त्यांनी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. घरी चार पोरी होत्या. मी म्हटलं, मग डॉक्टरला खरं का सांगत नाही?

"मूळव्याध म्हनलं तं लोक हळहळतेत. खाज म्हनलं तं हासतेत."

मग त्यांनी आपला इलाज सांगितला आणि मी कपाळाला हात लावला. हा मळ आहे असं धरून ते वर्कशॉपमधल्या सोड्यानं, हाताचं ग्रीस काढायच्या त्या सोड्यानं, दिवसातून तीनदा खसाखसा धुवत. "ग्रीस निंघते, तं हे काऊन नाही निंघनार?" हा त्यांचा हिशेब.

खामगावच्या एका डॉक्टरकडे मी त्यांना ओढतच नेलं. दवाखाना एका खोलीचा. बाकावर पेशंट दाटीनं बसलेले, समोर टेबल, कोपऱ्यात तपासायला पडदा. भाऊंनी तिथंही मूळव्याधच सांगितली. डॉक्टर लिहायला लागले आणि माझं डोकं फिरलं.

"डॉक्टरसायब, यायले मूळव्याध नाही. यायले मांगं खाज हाये, अन् हे तिथं ग्रीसचा सोडा लावतेत."

आधी एकजण खुसखुसला, मग अख्खा बाक हसला. भाऊ फरशीकडे बघत राहिले. डॉक्टरांनी त्यांना पडद्याआड नेऊन तपासलं. मूळव्याध नव्हतीच. सोड्यानं कातडी सोलते, सोललेली कातडी खाजते आणि खाजली की तुम्ही आणखी धुता, असं त्यांनी समजावलं. सोडा, साबण बंद. नुसत्या पाण्यानं धुवायचं, मऊ जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही. नखं कापायची, सैल सुती कपडा घालायचा, मिरची आणि चहा कमी करून बघायचा. वर एक पांढरं मलम दिलं. नाही थांबलं तर जंत तपासू, म्हणाले.

महिन्याभरात भाऊ बरे झाले. राजीनामा फाडला. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही, चारही पोरी चांगल्या घरी गेल्या.

माझ्याशी मात्र ते त्या दिवसापासून बोलले नाहीत. अर्ज करून त्यांनी दुसरा कंडक्टर मागून घेतला. पुढे कितीतरी वर्षं आमच्या गाड्या मेहकरच्या स्टँडवर शेजारी लागत. मी हात वर करी आणि भाऊ काचेतून सरळ समोर बघत. मला राग यायचा. माणसाची नोकरी वाचवली, संसार वाचवला, आणि वर हे!

आता ते नाहीत आणि राग राहिलेला नाही. मी बोललो ते खरंच होतं. पण तो पडदा माझ्यापासून पाच पावलांवर होता.